डॅन डेअरचा जनक : फ्रँक हॅम्पसन आणि मालकीचा प्रश्न

#इतिहास #थ्रेड

१/ शुक्रवार, १४ एप्रिल १९५०. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे होत आली होती, तरी ब्रिटनमधील मुलांना गोळ्या-चॉकलेटेसुद्धा अद्याप रेशनवरच मिळत होती. त्या दिवशी तेथील दुकानांत ‘ईगल’ नावाचे नवे साप्ताहिक आले. पाने वीस, किंमत तीन पेन्स. मुखपृष्ठावर तांबड्या चौकटीत गरुड आणि त्याच्या शेजारी अंतराळयुगातील एका वैमानिकाची रंगीत चित्रकथा. या पहिल्या अंकाच्या सुमारे ९ लाख प्रती खपल्या.

२/ त्या वैमानिकाचे नाव डॅन डेअर. त्याला जन्म देणारे चित्रकार फ्रँक हॅम्पसन तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पुढील नऊ वर्षांत त्यांनी मुलांसाठीच्या चित्रकथेला असे रूप दिले, की ब्रिटनमध्ये त्यापूर्वी तसे काही कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर पाव शतकाने हाच मनुष्य एका तंत्रशिक्षण महाविद्यालयात तंत्रज्ञाची साधी नोकरी करत होता. या दोन टोकांमध्ये काय घडले, ते आज पाहू. थ्रेड लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

३/ हॅम्पसन यांचा जन्म २१ डिसेंबर १९१८ रोजी मँचेस्टरजवळच्या ऑडनशॉ येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. बालपण लँकेशरच्या किनाऱ्यावरील साउथपोर्ट या गावी गेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा टपाल खात्यात तारा पोहोचवण्याच्या कामावर लागला. चित्रकलेचा नाद मात्र सुटला नाही. टपाल कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात त्याची चित्रे छापून येऊ लागली. पुढे साउथपोर्टच्या कलाशाळेत रीतसर शिक्षण सुरू झाले आणि तेवढ्यात महायुद्धाला तोंड फुटले.

४/ युद्धात ते लष्कराच्या रसद पुरवठा दलात होते. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून जीव वाचवून परतलेल्या लाखो सैनिकांपैकी ते एक. युद्धाच्या अखेरच्या पर्वात त्यांची नेमणूक बेल्जियममधील अँटवर्प बंदरात होती. जर्मनांची व्ही-२ रॉकेटे त्या शहरावर कोसळत होती, तो हा काळ. माणसे मारण्यासाठी बनवलेले हे यंत्र एक दिवस माणसाला पृथ्वीबाहेर नेईल, हा विचार त्यांच्या मनात तेथेच रुजला. इतिहासात अशी विचित्र बीजारोपणे पुष्कळ आढळतात. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अमेरिकी रॉकेटांचा वंशसुद्धा याच व्ही-२ पर्यंत पोहोचतो.

५/ युद्ध संपल्यावर ते पुन्हा साउथपोर्टच्या कलाशाळेत दाखल झाले. लग्न झाले होते, घरात तान्हे मूल होते, मिळेल ते काम करणे भाग होते. जवळच्या बर्कडेल येथील चर्चमध्ये रेव्हरंड मार्कस मॉरिस नावाचे धर्मगुरू होते. पॅरिशच्या वार्तापत्राचे त्यांनी ‘द अ‍ॅन्व्हिल’ या चांगल्या मासिकात रूपांतर केले होते आणि त्यासाठी त्यांना चित्रकार हवा होता. हॅम्पसन यांची व मॉरिस यांची गाठ पडली ती अशी.

६/ मॉरिस यांना एका गोष्टीची चिंता होती. अमेरिकेतून येणारी रक्तपात व भयाने भरलेली कॉमिक्स ब्रिटिश मुलांच्या हाती पडत होती. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांनी ‘संडे डिस्पॅच’ या वृत्तपत्रात त्याविरुद्ध लेख लिहिला. ही चिंता त्यांची एकट्याची नव्हती. पुढे १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा प्रकाशनांवर बंदी घालणारा कायदाच केला. मॉरिस यांचे वेगळेपण असे, की नुसती बंदी मागून ते थांबले नाहीत. वाईट कॉमिकला उत्तर चांगल्या कॉमिकनेच द्यावे लागेल, आणि ते चांगले कॉमिक चित्र, छपाई व गोष्ट या तिन्ही बाबतींत वाइटापेक्षा सरस असावे लागेल, हे त्यांनी ओळखले.

७/ पहिली कल्पना होती लंडनच्या ईस्ट एंड वस्तीतील एका धाडसी पाद्र्याची. त्याचे नाव लेक्स ख्रिश्चन. ती मागे पडली आणि हाच पाद्री हॅम्पसन यांनी अंतराळात पाठवला. नमुना अंकात डॅन डेअर हा अंतराळ गस्तीदलाचा धर्मगुरू आहे, त्याच्या गळ्याशी पाद्र्याची पांढरी पट्टी आहे! अंक प्रत्यक्ष निघेपर्यंत ती पट्टी गेली आणि धर्मगुरूचा कर्नल झाला. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. उपदेशकाचे वस्त्र उतरले, पण शब्द पाळणारा, शत्रूलाही न्यायाने वागवणारा आणि हिंसेला अखेरचा उपाय मानणारा त्याचा स्वभाव तोच राहिला. मुलांनी तो स्वीकारला, कारण त्यांना कोणी प्रवचन देत नव्हते.

८/ साप्ताहिकाचे नाव सुचवले हॅम्पसन यांच्या पत्नी डोरथी यांनी. चर्चमध्ये बायबल ठेवण्याच्या उंच पीठावर पंख पसरलेला पितळी गरुड असतो, त्यावरून ‘ईगल’. बोधचिन्हातील गरुड मॉरिस यांच्याकडच्या एका पितळी दौतीवरील गरुडाकडे पाहून रेखाटला गेला. नमुना अंक बगलेत मारून मॉरिस यांनी लंडनच्या प्रकाशकांचे उंबरठे झिजवले, नकार पचवले, कर्ज अंगावर घेतले. अखेर ‘पिक्चर पोस्ट’ हे गाजलेले सचित्र साप्ताहिक काढणाऱ्या हल्टन प्रेसने होकार दिला.

९/ कथेत काय होते? काळ विसाव्या शतकाची अखेर. पृथ्वीवर जागतिक सरकार आहे, युद्धे संपली आहेत, पण अन्न पुरत नाही. शुक्रावर शेतीयोग्य भूमी आहे का, हे शोधण्यासाठी याने पाठवली जातात आणि एकामागून एक वाटेतच नष्ट होतात. साखर आणि मांस रेशनवर घेणाऱ्या घरातील मुलाला हे संकट समजावून सांगण्याची गरज नव्हती. खजिना किंवा साम्राज्य मिळवण्यासाठी निघालेल्या मोहिमा त्याने इतर गोष्टींत वाचल्या होत्या. ही मोहीम निघाली होती जेवणासाठी.

१०/ डॅन मँचेस्टरचा. त्याचा सेवक-सोबती डिग्बी विगनचा, म्हणजे लँकेशरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला. डॅनच्या यानाचे नाव ‘अ‍ॅनास्टेशिया’ होते आणि ते डिग्बीच्या मावशीवरून ठेवलेले! सोबत एक अमेरिकी, एक फ्रेंच आणि प्रोफेसर जोसलिन पीबडी ही तरुण शास्त्रज्ञ. शुक्राच्या मोहिमेवर स्त्री येणार म्हणताच दलप्रमुख सर ह्युबर्ट आढेवेढे घेतात आणि ती आपल्या विद्येच्या बळावर मोहिमेत जागा मिळवते. १९५० सालच्या मुलग्यांच्या साप्ताहिकात हे सहजासहजी आढळणारे दृश्य नव्हते.

११/ शुक्रावर भेटतात ते ट्रीन. हिरव्या कातडीचे, भावनाशून्य, केवळ विज्ञान जाणणारे. त्यांचा अधिपती मेकॉन म्हणजे प्रचंड मस्तक, काडीसारखे देह आणि बसायला तरंगते आसन. नाझी राजवट नुकतीच पाहिलेल्या पिढीला हा कोणाचा वंशज आहे ते कळले असणार. मात्र हॅम्पसन यांनी ट्रीन ही जातच दुष्ट ठरवली नाही. सोंडार नावाचा ट्रीन डॅनचा मित्र होतो आणि पुढील कथांतही त्याच्या बाजूने उभा राहतो. शत्रूच्या जातीतही माणूस सापडतो, हे युद्धानंतर पाच वर्षांत मुलांपुढे मांडणे सोपे नव्हते.

१२/ आता या कथेच्या कामाच्या पद्धतीकडे येऊ. हॅम्पसन यांची थोरवी तेथे आहे आणि त्यांच्या पुढच्या हालांचे मूळही तेथेच आहे.

१३/ आरंभी साउथपोर्टच्या चर्चटाउन भागातील एका जुन्या बेकरीत त्यांचा स्टुडिओ थाटला गेला. तेथे हॅरल्ड जॉन्स, ग्रेटा टॉमलिन्सन, जोसलिन टॉमस, ब्रूस कॉर्नवेल, एरिक ईडन असे तरुण कलाशाळेतून आलेले वा नवखे चित्रकार एकत्र काम करत. पुढे हा संसार लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यातील एप्सम येथे हलला आणि डॉन हार्ली, जोन पोर्टर, कीथ वॉटसन यांच्यासारखे लोक येऊन मिळाले. आठवड्याला फक्त दोन पाने. एवढ्यासाठी एवढी माणसे कशाला, असे कोणीही विचारील.

१४/ त्याचे उत्तर असे. हॅम्पसन आधी दोन्ही पानांचा रंगीत कच्चा आराखडा काढत. तो कच्चा म्हणायचा इतकेच, दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने तोच छापायला दिला असता. मग त्यातील प्रत्येक चौकटीसाठी सहकाऱ्यांना त्या त्या आविर्भावात उभे करून छायाचित्रे घेतली जात. कधी अंगावर अंतराळ दलाचा गणवेश असे, कधी डोक्यावर शिरस्त्राण. यानांच्या आणि अंतराळस्थानकाच्या प्रतिकृती बनवून ठेवलेल्या होत्या. त्यावर दिवा फिरवून सावली कोठे पडते ते पाहिले जाई. यान कोणत्याही बाजूने दाखवले तरी त्याची खिडकी आणि पंख आपल्या जागेवरच असत. हे सारे झाल्यावर अंतिम चित्र हाती घेतले जाई.

१५/ पात्रेसुद्धा घरातलीच. सर ह्युबर्ट यांचा चेहरा हॅम्पसन यांच्या वडिलांचा. ते निवृत्त पोलीस अधिकारी मुलाच्या स्टुडिओत कामाला हातभार लावत आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहत. प्रोफेसर पीबडीसाठी ग्रेटा टॉमलिन्सन उभ्या राहत. पुढे आलेल्या ‘फ्लेमर’ स्प्राय या पोरासाठी हॅम्पसन यांचा मुलगा पीटर. शास्त्रीय सल्लागार म्हणून सुरुवातीचे काही महिने जे गृहस्थ काम पाहत होते, त्यांचे नाव आर्थर सी. क्लार्क. काही भागांचे लेखन चॅड व्हारा या धर्मगुरूंनी केले. आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आधार देणारी ‘समॅरिटन्स’ ही संस्था १९५३ मध्ये स्थापणारे ते हेच.

१६/ या सगळ्याला साथ मिळाली ती उत्तम छपाईची. लिव्हरपूलच्या एन्ट्री भागातील एरिक बेमरोज यांच्या छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युर पद्धतीने ‘ईगल’ छापले जाई. ब्रिटनमधील बहुतेक मुलांची साप्ताहिके तेव्हा हलक्या वर्तमानपत्री कागदावर निघत. ‘ईगल’च्या पानावर रंगांच्या छटा, धातूची चकाकी, ग्रहाच्या वातावरणातला धूसरपणा हे सारे उतरत असे. मधल्या जोडपानावर यंत्रांचे अंतरंग उलगडून दाखवणारे चित्र असे. पहिल्या अंकात ते गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या एका नव्या रेल्वे इंजिनाचे होते. उद्याच्या यानापासून आजच्या इंजिनापर्यंतचे अंतर मुलाने दोन-चार पाने उलटून पार करावे, अशी त्या अंकाची रचना होती.

१७/ एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हॅम्पसन हे काम करायला सोपे गृहस्थ नव्हते. पान मनासारखे होईपर्यंत रात्ररात्र बसणे, झालेले काम पुन्हा करायला लावणे, स्वतःला आणि सहकाऱ्यांना पिळून काढणे हे नित्याचे होते. परिणामी प्रकृती ढासळली. पहिल्याच कथेच्या काळात त्यांना काम सोडून बाजूला व्हावे लागले. १९५२-५३ मधील बुध ग्रहावरची कथा तर व्हारा यांनी लिहिली आणि जॉन्स व टॉमलिन्सन यांनी रेखाटली. परिपूर्णतेचा हट्ट माणसाला किती महागात पडतो, याचे हिशेब कलेच्या इतिहासात सहसा मांडले जात नाहीत.

१८/ आणि दुसरा हिशेब पैशाचा. डॅन डेअर लवकरच साप्ताहिकाच्या बाहेर पडला. १९५१ पासून रेडिओ लक्झेंबर्गवर त्याची श्राव्य मालिका सुरू झाली, तिचे प्रायोजक होते हॉर्लिक्स. खेळण्यातली पिस्तुले, गणवेश, घड्याळे, दातांची पेस्टसुद्धा त्याच्या नावाने विकली जाऊ लागली. दुकानांच्या फळ्या भरल्या. या विक्रीतून हॅम्पसन यांना एक पेनीही हक्काने मिळणार नव्हती.

१९/ याचे कारण कराराच्या कागदात होते. त्यांना पगार मिळत असे, आणि त्या काळच्या इतर कॉमिक चित्रकारांच्या मानाने तो बरा होता. त्यांचे नाव पानावर छापले जाई, हाही त्या धंद्यात दुर्मिळ मान होता. पण पात्र, नाव, कथा आणि मूळ चित्रांचे कागद ही सारी मालमत्ता प्रकाशकाची होती. हॅम्पसन यांनी आपले हक्क लिहून दिले होते. नमुना अंक घेऊन वणवण चालली असताना, डोक्यावर संसार असताना, कोणता तरुण चित्रकार कराराचे तिसरे पान नीट वाचतो?

२०/ हल्टन प्रेसमध्ये मॉरिस संपादक होते तोवर ही अडचण दबून राहिली. मॉरिस यांचा आपल्या चित्रकारावर विश्वास होता आणि स्टुडिओच्या खर्चाला ते पाठीशी घालत. परंतु एका व्यक्तीचा विश्वास हा काही लेखी हक्क नव्हे. १९५९ मध्ये ओडम्स प्रेसने हल्टन विकत घेतले. त्याच वर्षी मॉरिसही ‘ईगल’ सोडून दुसऱ्या संस्थेत गेले.

२१/ नव्या मालकांच्या हिशेबनिसांनी पाहिले, तेव्हा त्यांना दोन पानांसाठी राबणारी एक पलटण दिसली. त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ अपव्यय होता. आता ते चूक होते की बरोबर? खपाचे आकडे पूर्वीसारखे राहिले नव्हते, दूरचित्रवाणी घराघरांत शिरत होती. कोणत्याही व्यापाऱ्याने खर्चाला कात्री लावलीच असती, हे मान्य करावे लागते. त्यांची खरी चूक मला वेगळीच दिसते. मुले ते साप्ताहिक ज्या गोष्टीसाठी विकत घेत, तिलाच त्यांनी अनावश्यक खर्च मानले.

२२/ हॅम्पसन डॅन डेअरपासून दूर झाले. १९५९ च्या उन्हाळ्यात ही चित्रकथा फ्रँक बेलामी या अत्यंत गुणी चित्रकाराकडे गेली. गणवेश, याने, सारे काही नव्याने रचा, असा वरून आदेश होता. नऊ वर्षांत प्रतिकृतींसह उभे केलेले ते विश्व काही आठवड्यांत बदलले गेले. बेलामी वर्षभराने बाजूला झाले, काम दुसऱ्यांच्या हाती गेले. पुढे १९६२ पासून कीथ वॉटसन यांनी हळूहळू जुने रूप परत आणले. हॅम्पसन यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानेच ते करावे, हे योग्यच झाले. हॅम्पसन यांचे मत मात्र कोणी विचारण्याचे कारण नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते आता त्या घरातले कोणी नव्हते.

२३/ ‘ईगल’साठी त्यांनी आणखी एक मोठे काम केले. ‘द रोड ऑफ करेज’ ही येशूच्या जीवनावरील चित्रकथा, १९६०-६१. लेखन मॉरिस यांचे. त्यासाठी हॅम्पसन यांनी त्या भूमीचा प्रवास करून घरे, रस्ते, वस्त्रे, प्रकाश यांचा अभ्यास केला. जाणकारांपैकी अनेकजण हे त्यांचे सर्वांत परिपक्व काम मानतात आणि मीही त्याच मताचा आहे. डॅन डेअरमध्ये जग कल्पनेने घडवायचे होते, येथे ते उत्खनन केल्यासारखे उभे करायचे होते. गर्दीच्या प्रसंगांत एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

२४/ ती चित्रकथा संपली आणि १९६१ मध्ये त्यांचा ‘ईगल’शी संबंध तुटला. त्याच वर्षी युरी गागारिन अंतराळात गेला. जुलैमध्ये तो इंग्लंडला आला, तेव्हा मँचेस्टरलाही त्याचे स्वागत झाले. हॅम्पसन यांच्या जन्मगावापासून आणि डॅन डेअरच्या काल्पनिक जन्मस्थानापासून हे हाकेच्या अंतरावर. अकरा वर्षे मुलांना अंतराळाची सवय लावणारा चित्रकार त्या वेळी नवे काम शोधत होता.

२५/ कामे मिळाली, पण तुकड्या-तुकड्यांनी. जाहिराती केल्या. लेडीबर्ड या बालपुस्तकांच्या प्रकाशनासाठी बडबडगीतांची आणि इंग्लंडच्या राजा-राण्यांच्या इतिहासाची चित्रे काढली. ही छोटी पुस्तके लाखो घरांत गेली. ती पाहताना अनेकांना कल्पनाही नसेल, की हा हात मेकॉन रेखाटणारा आहे. १९७० मध्ये घशाचा कर्करोग झाला. त्यातून ते वाचले. त्यानंतर एप्समजवळील युएल येथील तंत्रशिक्षण महाविद्यालयात ग्राफिक्स तंत्रज्ञाची नोकरी धरली. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या या गृहस्थाने मुक्त विद्यापीठाची पदवीही याच उतारवयात मिळवली.

२६/ आणि १९७५ मध्ये इटलीहून बोलावणे आले. लुक्का या शहरातील आंतरराष्ट्रीय कॉमिक्स मेळाव्यात जगभरच्या चित्रकार व जाणकारांच्या परीक्षक मंडळाने त्यांना ‘प्रेस्तिजिओसो माएस्त्रो’, म्हणजे थोर आचार्य, हा किताब दिला. युद्धोत्तर काळातील चित्रकथेचे श्रेष्ठ रचनाकार म्हणून त्यांचा गौरव झाला. ब्रिटनमधील रसिकांनाही मग जाग आली आणि १९७६ मध्ये मायदेशी त्यांना ‘अ‍ॅली स्लोपर’ पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पिकते तेथे विकत नाही म्हणतात, ते येथे अक्षरशः घडले.

२७/ या गौरवाने मालकीत काही फरक पडला नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘२००० एडी’ हे नवे साप्ताहिक निघाले आणि त्याच्या पहिल्या अंकात डॅन डेअर होता. चित्रकार इटलीचे मास्सिमो बेलार्दिनेल्ली. नाव तेच, माणूस निराळा, स्वभाव तापट, जग हिंसक. १९८२ मध्ये ‘ईगल’ पुन्हा सुरू झाले, त्यात नायक होता मूळ डॅनचा वंशज. हॅम्पसन हयात होते. त्यांचे अपत्य तिऱ्हाइतांच्या मर्जीने वेष बदलत होते आणि ते पाहत होते.

२८/ थोडे कायद्याविषयी, कारण तरुण चित्रकार-लेखक मित्र हा थ्रेड वाचत असतील. स्वामित्वहक्क विकता येतो. त्याहून वेगळी अशी दुसरी गोष्ट असते, ती म्हणजे कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा नैतिक हक्क. ब्रिटनमध्ये हा हक्क स्पष्टपणे कायद्यात आला १९८८ साली. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम ५७ खाली तो आधीपासून आहे. वसाहतीच्या राज्यकर्त्यांकडून आपण कायदे घेतले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही एकतीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

२९/ हॅम्पसन एकटे नव्हते. ‘द बीनो’ या साप्ताहिकातील ‘बॅश स्ट्रीट किड्स’ व ‘मिनी द मिंक्स’ यांचे जनक लिओ बॅक्सेंडेल यांनी आपल्या पात्रांच्या हक्कांसाठी डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेला न्यायालयात खेचले. सात वर्षे लढल्यावर १९८७ मध्ये तडजोड झाली. लहानपणी डॅन डेअर वाचून वाढलेले डेव्ह गिबन्स यांनी ‘२००० एडी’मध्ये काही काळ तोच डॅन डेअर रेखाटला आणि पुढे अ‍ॅलन मूर यांच्यासह ‘वॉचमेन’ घडवले. तेथे करारात अट अशी होती, की पुस्तक छापणे बंद झाले की हक्क कर्त्यांकडे परत यावेत. पुस्तक इतके खपले की ते छापणे कधी बंदच झाले नाही.

३०/ डॅन डेअरचा भारताशी आलेला एक धागा जाता जाता. २००७-०८ मध्ये गार्थ एनिस यांनी लिहिलेली आणि गॅरी अर्स्किन यांनी रेखाटलेली नवी डॅन डेअर मालिका निघाली. तिचे प्रकाशक होते व्हर्जिन कॉमिक्स. न्यूयॉर्कइतकाच ज्यांचा पाया बेंगळुरूत होता, अशी ती कंपनी. त्या मालिकेतला वयस्क, उद्विग्न तरीही सभ्य डॅन मला मूळ डॅनच्या बराच जवळचा वाटतो. सात अंकांची आहे, मिळाली तर जरूर वाचा.

३१/ आज साउथपोर्टमध्ये डॅन डेअरचा अर्धपुतळा उभा आहे. डॅन डेअरची हॅम्पसन यांनी काढलेली काही मूळ पाने लिलावात आणि संग्राहकांच्या भिंतींवर दिसतात. पुष्कळ पाने मात्र कायमची गेली. प्रकाशकांच्या गोदामांत त्या काळी मूळ चित्र म्हणजे ब्लॉक करून झाल्यावर उरलेला कागद, एवढीच किंमत होती.

३२/ फ्रँक हॅम्पसन ८ जुलै १९८५ रोजी एप्सम येथे वारले. ब्रिटिश कायद्यात चित्रावरील स्वामित्वहक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे असते. हक्क कोणीही विकत घेतला असला, तरी वर्षे मोजली जातात ती कर्त्याच्याच मृत्यूपासून. त्या हिशेबाने त्यांनी काढलेल्या चित्रांवरचा हक्क २०५५ च्या अखेरपर्यंत चालेल. प्रकाशनसंस्था एकमेकींत विलीन होत गेल्या, तसा तो या हातातून त्या हातात जात राहिला आहे. सध्या तो ‘डॅन डेअर कॉर्पोरेशन’ नावाच्या कंपनीकडे आहे.